चोवीस बाजूंच्या फाशाचा जोडीदार

माझा हात थरथरत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवसांत कारखान्यात जो तो माझ्या हाताकडेच बघत होता. चहाचा कप उचलला की बघायचे, कानस धरली की बघायचे. मग मीही कप काठोकाठ भरून घ्यायला लागले आणि सगळ्यांच्या देखत, एक थेंब न सांडता प्यायला लागले. घ्या, बघा म्हटलं पोटभर.

आमचा कारखाना फाशांचा. कारखाना म्हणायचं आपलं, खोल्या दोनच. पुढच्या खोलीत ओतकाम, मागच्या खोलीत घासकाम आणि पॅकिंग. हा धंदा मी आणि माझ्या नवऱ्याने सुरू केला. हे गेल्यावर कारभार माझ्या धाकट्या दिराकडे, म्हणजे भाऊजींकडे आला. ते हिशेबाला, गिऱ्हाइकाला बघतात. त्यांची बायको, माझी जाऊ, पॅकिंग बघते. आणि मी खिडकीखालच्या टेबलावर बसून नग कोरते. नग म्हणजे फाशाचा पहिला मेणाचा नमुना. त्याच्यावरून धातूचा साचा होतो, साच्यात रेझिन ओतलं की फासा. नग चुकला तर पुढचं सगळं चुकलं. म्हणून ते टेबल.

आता फासा म्हटलं की लोकांना सहा बाजूंचा ठोकळाच आठवतो. आम्ही आठ बाजूंचे करतो, बारा बाजूंचे करतो, वीस बाजूंचे करतो. अट एकच. अंगात कुठे खळगा नको, सगळीकडून बाहेर फुगलेला हवा. शाळेत त्याला बहिर्वक्र घन म्हणतात. आणि अशा प्रत्येक घनाला एक जोडीदार असतो. हे माझं नाही, भूमितीचं म्हणणं आहे. प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक टाचणी टोचा. शेजारच्या बाजूची टाचणी दोऱ्याने जोडा. सगळा दोरा गुंडाळून झाला की त्या दोऱ्याचाच एक नवा घन तयार होतो. पहिल्याची जिथे बाजू तिथे दुसऱ्याचा कोपरा, आणि पहिल्याचा कोपरा तिथे दुसऱ्याची बाजू. ठोकळ्याला सहा बाजू, आठ कोपरे. त्याच्या जोडीदाराला सहा कोपरे, आठ बाजू. कडा दोघांच्या सारख्याच, एकाची कड दुसऱ्याच्या कडेला आडवी जाते एवढंच. त्या जोडीदाराचा पुन्हा जोडीदार काढा, ठोकळा परत हजर. बारावाल्याची जोडी वीसवाल्याशी. चार त्रिकोणांचा जो चौमुखी असतो तो तेवढा बेटा स्वतःचाच जोडीदार. हे नेहमी म्हणायचे, याचं लग्न लावायचा खर्च नाही. आता मीच चौमुखी झाले आहे, पण ते असो.

आमच्या दोघांचा नियम होता. साच्यातून निघालेल्या पहिल्या फाशाचा जोडीदार दोऱ्याने काढल्याशिवाय दुसरा फासा ओतायचा नाही. कारण फाशाची खोड बाजूंमध्ये लपते, ती जोडीदारात उघडी पडते. एक कोपरा इकडेतिकडे झाला की दोऱ्याची चौकट वाकते आणि आंधळ्यालाही कळतं. भाऊजींनी कारभार घेतला आणि हा नियम बंद केला. म्हणाले, वहिनी, दोरे गुंडाळायला आपण काय स्वेटर विणतोय?

तर झालं असं. शाळांसाठी खेळ बनवणारी एक बाई आमची मोठी गिऱ्हाईक. तिला आम्ही आपसात खेळवाली म्हणतो. तिने चोवीस बाजूंचा फासा मागितला. लिंबाहून मोठा, संत्र्याहून लहान. चोवीसच्या चोवीस बाजू पतंगाच्या आकाराच्या, एकसारख्या. असलं काम हातात आलं की मला दुसरं काही सुचत नाही. मी नग कोरला, साच्याच्या दोन वाट्या झाल्या, वरची एक आणि खालची एक. वाट्यांच्या तोंडाशी एकीला खुंटी, दुसरीत तिचं भोक, शेजारी दोन्हींवर माझी एकेक रेघ, म्हणजे दोन्ही एकाच तऱ्हेने बसाव्यात. मेण वितळून गेलं, जातंच ते. पुढे ओतकाम भाऊजींच्या देखरेखीखाली झालं, फासे गेले, आणि थोड्याच दिवसांत अख्खं खोकं परत आलं.

भाऊजींनी त्यातला एक फासा माझ्या टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आदळला.

"बघा," म्हणाले. "वर काय आलंय?"

फासा आपल्या एका बाजूवर नीट बसला होता. पण वर बाजू नव्हती. वर धार होती. सात आणि एकोणीस यांच्या मधली धार. आता यातला कुठला आकडा धरायचा? मी पुन्हा टाकला, तेव्हा आकडा आला. पुन्हा टाकला, पुन्हा धार.

"पोरं वर्गात मारामाऱ्या करतायत," भाऊजी म्हणाले. "वहिनी, राग मानू नका. वयाने होतं असं. हात हलला असेल. उद्या सकाळी त्या बाई येतायत. तुम्ही त्यांना सरळ सांगा की कोरताना चूक झाली, माफी मागा, विषय संपला. यापुढे नग आपण बाहेरून कोरून आणू. हे टेबल काढलं की इथे मोठं मशीन बसेल. तुम्ही आता आराम करायचा."

सगळं एका दमात. पाठ करूनच आले होते. मशीनचं मोजमापही घेऊन झालं असावं, कारण खिडकीच्या भिंतीवर पेन्सिलची एक रेघ मला सकाळीच दिसली होती आणि मी आपली समजले रंगारी येणार आहे.

"मी मोजल्याशिवाय काही कबूल करणार नाही," मी म्हटलं.

"मोजा की."

दुपारभर मोजलं. प्रत्येक पतंगाच्या चारही कडा, प्रत्येक कोन, शेजारच्या बाजूशी प्रत्येक बाजूचा उतार. खोट सापडेना. चोवीसच्या चोवीस बाजू माझ्या हातच्याच, जशा कोरल्या तशा. खरं सांगते, तेव्हा मात्र मी घाबरले. एखादी बाजू वाकडी निघाली असती तर मी म्हटलं असतं, बरं, माझं चुकलं. पण सगळं बरोबर आणि तरी फासा चुकीचा, हे कसं सहन करायचं? मेणाचा नग शिल्लक असता तर तोच टेबलावर ठेवून दाखवला असता. तो वितळून गेला. एकच साक्षीदार होता, तोही नाही. हे टेबल गेलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे? घरी बसून भिंती मोजू? मी त्या दुपारी माझ्या हाताकडे स्वतः बघितलं. पहिल्यांदाच. त्याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी खेळवाली आली. उंच, चष्मा लावणारी, बोलायला स्पष्ट. भाऊजींनी खुर्ची दिली, चहा सांगितला, वहिनींचा हात हल्ली थरथरतो म्हणाले आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे करा सुरू.

मी म्हटलं, "बाई, आमचे भाऊजी म्हणतात मी माफी मागावी. मी मागणार नाही. अर्धा तास बसा. फाशात काय बिघडलंय ते तुमच्यासमोर काढते. माझ्या हातची चूक निघाली तर माफीही मागीन आणि हे टेबलही सोडीन."

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "त्यांना वेळ नाही."

"मला वेळ आहे," खेळवाली म्हणाली. "मारामाऱ्या माझ्या खेळावरून झाल्यात."

आता मागे फिरायची सोय राहिली नाही. काय निघणार ते मलाही माहीत नव्हतं. घोडामैदान जवळच होतं.

मी साचा मागवला. जाऊ तो घेऊन आली आणि दाराशीच थांबली. साच्याच्या दोन वाट्यांना एका बाजूने बिजागरी लावलेली होती, पेटीच्या झाकणासारखी उघडमीट. ही माझी नव्हे. पटापट उघडता यावा म्हणून लावली असणार, मला विचारायची गरज कुणाला वाटते? मी मऊ माती मळली, दोन्ही वाट्यांत दाबून भरली, साचा मिटला, उघडला. मातीचा फासा हातात आला. प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक एक टाचणी टोचली. मग दोरा घेतला आणि शेजाऱ्याला शेजारी जोडत निघाले.

भाऊजी अस्वस्थ. इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. "हे असलं भरतकाम बघायला बोलावलं का तुम्हाला," असं म्हणून हसले. खेळवाली हसली नाही. तिने खुर्ची पुढे ओढून घेतली.

जोडीदार पुरा झाला. चोवीस बाजूंच्या चोवीस टाचण्या, म्हणजे याला चोवीस कोपरे. बाजू काही चौकोनी, काही त्रिकोणी. मी एका टाचणीपाशी बोट ठेवलं. तिच्याभोवती तीन चौकोन आणि एक त्रिकोण. दुसरी बघितली, तीच गोष्ट. तिसरी, चौथी, पाचवी, सगळीकडे तेच. दोरा कुठे ढिला नाही, कुठे ताणलेला नाही.

"म्हणजे सगळं बरोबर आहे?" खेळवालीने विचारलं.

"एकेक कोपरा बरोबर आहे," मी म्हटलं, आणि माझा आवाज खाली गेला. "थांबा जरा."

एकेक कोपरा बघून अख्खा घन कळत नाही, हे मला कळायला हवं होतं. घरातलं एकेक माणूस चांगलं असतं आणि तरी घर नांदत नाही, तसंच ते. मग मी कोपरे सोडले आणि पट्टे बघितले. या घनाच्या कमरेभोवती चौकोनांचा एक पट्टा असतो, चौकोनाला लागून चौकोन, पूर्ण वेढा. तो होता. पण तसेच आणखी दोन पट्टे उभे असायला हवेत, डोक्यावरून निघून तळाखालून फिरून परत डोक्यावर येणारे. मी डोक्यावरच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि खाली उतरले. चौकोन. कमरेचा चौकोन. त्याच्या खाली पुन्हा चौकोन पाहिजे.

बोट त्रिकोणावर जाऊन पडलं.

दुसऱ्या बाजूने उतरले, तिथेही कमरेखाली त्रिकोण. चारही बाजूंनी तेच. मला हसूच आलं. अगदी मोठ्याने आलं. भाऊजी थबकले.

"स्क्रूड्रायव्हर द्या," मी म्हटलं.

"कशाला?"

"द्या तर."

जावेने दिला. मी बिजागरी काढली. दोन्ही वाट्या सुट्या केल्या. वाटीचं तोंड आठ कोनांचं असतं, आठही कडा सारख्या. वरची वाटी मी एक घर, म्हणजे एका कडेएवढी, फिरवली आणि पुन्हा बसवली. तंतोतंत बसली, केसभरही फट नाही. तेच तर दुखणं. कसंही बसवा, ती बसतेच. पण आठ घरांत एकाआड एकच घर खरं असतं. फिरवलेल्या साच्यात पुन्हा माती दाबली, मातीचा दुसरा फासा काढला आणि टेबलावर ठेवला. वर बाजू. दुसऱ्या बाजूवर ठेवला, वर बाजू. खेळवालीने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः एकेका बाजूवर ठेवून बघत राहिली. दर वेळी वर बाजू सपाट, आकडा लिहायला तयार.

"बाजू माझ्या बरोबर होत्या," मी म्हटलं. "साच्याचं डोकं फिरवलंय कुणीतरी. डोक्याच्या चार बाजूंसमोर तळाच्या चार बाजू यायला हव्यात, तिथे आता धारा येतायत. फासा डोक्याच्या नाहीतर तळाच्या बाजूवर बसला की वर धार. कमरेच्या बाजूवर बसला की ठीक."

"म्हणून कधी यायचा आकडा आणि कधी नाही," खेळवाली म्हणाली.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या खोट्या नाहीत. भाऊजींनी घसा खाकरला.

"हो, मग साचा जुळवायची खूण तुमचीच होती ना वहिनी? दोन्ही वाट्यांवर रेघ तुम्हीच मारता. मी त्या रेघेला रेघ लावून बिजागरी बसवली. खूण चुकली असेल तर मी काय करणार?"

मी वाट्या उलटसुलट करून बघितल्या. रेघ कुठेच नव्हती. खुंटीही नव्हती. तिच्या जागी कानशीने घासलेला चकचकीत डाग, आणि भोक रेझिनने बुजलेलं. म्हणजे मी रेघ बरोबर मारली की चुकीची, हे आता कोण सांगणार? ते म्हणतात चुकीची, मी म्हणते बरोबर. खेळवाली एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा त्यांच्याकडे. मातीचे दोन फासे, एवढी दोऱ्याची मेहनत, आणि मी होते तिथेच. माझा असा संताप झाला की मी हातातली वाटी टेबलावर आपटली. 

"रेघ बरोबर होती," दारातून आवाज आला.

जाऊ. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून नवऱ्यासमोर हो आणि बरं याच्या पलीकडे तिला बोलताना मी ऐकलेलं नाही. मी तिला कितीदा म्हटलंय, अगं तुझ्या तोंडाला कुलूप आहे का? ती नुसती हसायची.

"खुंटीत रेझिन अडकतं, साचा उघडायला वेळ लागतो म्हणून यांनी ती घासली," ती म्हणाली. "रेघ खुंटीच्या शेजारीच होती, तीही गेली. मी तेव्हा म्हटलं, वहिनींना विचारा, कुठे जोडायचं ते. हे म्हणाले, त्यात काय विचारायचं, आठ कोन आहेत, कसंही बसतं."

 ओतकाम करणारे दोघे जण मागच्या दारात येऊन उभे होते, ते खाली बघायला लागले.

"बाहेरच्या माणसांसमोर," भाऊजी दबक्या आवाजात बायकोला म्हणाले. "कळतं का तुला काही?"

"कळतं," ती म्हणाली. "वहिनींचा हात थरथरतो असं तुम्ही बाहेरच्या माणसांसमोरच म्हणालात."

खेळवाली उठली. म्हणाली, सगळे फासे पुन्हा ओतून द्या, आणि या वेळी प्रत्येक साच्याचा पहिला फासा दोरा गुंडाळून मला दाखवा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माफी तुम्ही मागायची नव्हती. बरं केलंत." आणि गेली.

ती गेल्यावर भाऊजींनी दार लावून घेतलं. माझी अपेक्षा अशी की आता निदान एक शब्द बोलतील. बोलले.

"ठीक आहे, चूक माझी. मान्य. पण टेबल हलणार. मशीन सांगून ठेवलंय, त्याला खिडकीची हीच जागा लागते. वहिनी, प्रश्न फाशाचा नव्हताच. दोऱ्या-टाचण्यांचे दिवस गेले. दादा होता तोवर ठीक होतं."

बघा आता. म्हणजे मी बरोबर निघाले काय आणि चूक निघाले काय, माझं उठणं ठरलेलंच होतं. हात थरथरतो हे फक्त तोंडी लावायला. रात्रंदिवस ज्या माणसाला मी भाऊजी भाऊजी केलं, ज्याला हे धंद्यात बोट धरून घेऊन आले, तो मला माझ्याच टेबलावरून उठवत होता, आणि तेही माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन. डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, पडू दिलं खाली, मातीवर.

मग मी खुर्ची मागे सारली, टेबलावरच्या कानशी एका कडेला केल्या आणि सरळ टेबलावर चढून बसले. या वयात. पाय खाली सोडून.

"हलवा," मी म्हटलं. "माझ्यासकट हलवा."

"वहिनी, तमाशा करू नका."

"तमाशा कसला? टेबल जड आहे, मी काही फार जड नाही. बोलवा माणसं."

भाऊजींनी खरंच त्या दोघांना हाक मारली. दोघे आले, टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले, आणि एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला थोरला, त्याला ओतकाम मी शिकवलेलं, त्याने हात पुढे केला आणि परत मागे घेतला. "बाई बसल्यात," तो भाऊजींना म्हणाला, जसं काही त्यांना दिसत नव्हतं.

"उचला म्हणतोय ना," भाऊजी म्हणाले.

तेव्हा जाऊ दारातून पुढे आली. हातातलं पॅकिंगचं कापड तिने खुर्चीवर ठेवलं, साडीचा पदर कमरेला खोचला, एक पाय खुर्चीवर, दुसरा वर, आणि माझ्या शेजारी टेबलावर येऊन बसली. तिचे हात मात्र खरोखर थरथरत होते. मी त्यातला एक माझ्या हातात धरला, घट्ट.

"आता दोघींना उचला," ती म्हणाली.

कुणी उचललं नाही.  भाऊजी मागच्या खोलीत गेले आणि फोनवर कुणाला तरी मशीन आत्ता नको म्हणून सांगू लागले, आम्हाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

जाऊ खाली उतरायला लागली तर मी तिला म्हटलं, बस गं अजून जरा. ऊन छान येतंय इथे.